निर्दोष अहवाल

"खोक," डॉ. मालविका सबनीस म्हणाल्या.

अंकुश पिंपळशेंडे खोकला. कमरेवरून पट्टा बांधलेला नसता तर तो पलंगावरून वीतभर वर उचलला गेला असता. चंद्रावर माणसाचं वजन एक षष्ठांश उरतं, पण खोकल्याचा जोर ज्याचा त्याचाच असतो.

मालविकाबाईंनी हातातला ध्वनिदर्शक त्याच्या उजव्या जांघेवर किंचित तिरका केला. कानाला ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत लहरी कातडीखाली जाऊन परत येत होत्या आणि त्यांचं करडं चित्र समोरच्या पडद्यावर उमटत होतं. पोटाच्या भिंतीचे थर घडी घातलेल्या चादरीसारखे एकावर एक दिसत होते.

"पुन्हा. आणखी जोरात."

तो पुन्हा खोकला. घड्या दचकल्या. मध्ये एक काळी फट उघडली, तिच्यातून बोटाच्या पेराएवढं काहीतरी बाहेर डोकावलं आणि लगेच आत गेलं.

बाईंनी ते चित्र गोठवलं आणि जांघेवरचा लेप पुसायला त्याच्या हातात कापड दिलं.

"निघालं का जी काही?" अंकुशने विचारलं.

"अंतर्गळ आहे. हर्निया. लहान आहे, पण आहे."

"पण मले तं काहीच दुखत नाई."

"इथे दुखणारच नाही," बाई म्हणाल्या. "जांघेच्या वर पोटाच्या भिंतीत एक जन्मजात वाट असते. ती सैल झाली की आतडं त्या वाटेने बाहेर सरकतं. पृथ्वीवर माणूस उभा राहिला की आतड्यांचा सगळा भार खाली येतो आणि गाठ हाताला लागते. इथे आतड्यांना भारच नाही, मग ती बाहेर येतील कशाला? हाताला काही लागत नाही, दुखत नाही. पण परतयान पृथ्वीच्या वातावरणात शिरेल तेव्हा तुझं वजन इथल्यापेक्षा पंचवीसपट होईल. त्या वेळी आतडं त्या फटीत घुसून पिळवटलं, तर रक्तपुरवठा तुटतो आणि आतडं सडतं. यानात तुला कोण कापणार?"

अंकुश पट्टा सोडून उठून बसला. चाळिशीतला, रुंद खांद्यांचा माणूस. बल्लारपूरकडच्या कोळशाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा जमिनीखाली काम करायची सवय असलेली जी माणसं चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर बर्फ खणायला आली, त्यांच्यातला तो एक. ऊन कधीच न पोचणाऱ्या एका विवराच्या तळाशी 'हिमकुंड' ही वसाहत होती. याआधी खाणकामगार इथे वर्षभराने बदलत. अंकुशची तुकडी सलग तीन वर्षं राहिलेली पहिली.

"म्हंजे या यानानं नाई जाता येत?"

"नाही. इथे शस्त्रक्रिया करून ती वाट जाळी लावून बंद करायची, आणि पुढच्या यानाने जायचं. आठ महिन्यांनी."

"आठ महिने," तो म्हणाला. त्याच्या आईला विस्मरणाचा आजार होता, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं. "मॅडम, माय आता शेजाऱ्यांले ओळखत नाई. मागच्या महिन्यात मोठ्या मामाले ओळखलं नाई तिनं. माहा आवाज तेवढा ओळखते अजून. आठ महिन्यांनी मी कोणाले भेटाले जाऊ?"

ही तपासणी मालविकाबाईंनीच बसवलेली होती. चंद्रावर हाताने अंतर्गळ कळत नाही हे ध्यानात आल्यावर ध्वनिदर्शकाखाली रुग्णाला खोकायला लावण्याची पद्धत त्यांनी घालून दिली आणि चंद्रावरच्या सगळ्या वसाहतींनी ती उचलली. परतीच्या प्रवासात जांघेच्या अंतर्गळाने एकही माणूस दगावला नव्हता. त्यांना या तपासणीचा अभिमान होता.

"पुढच्या यानाने मीही परत चालले आहे," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली. आपण बरोबरच जाऊ."

तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ प्रफुल आला. अंकुश बाहेरच्या नळजोडणीवर होता, प्रफुल चालककक्षात बसून खणणारी यंत्रं दुरून हाकायचा. आल्या वर्षीच त्याचं मनगट मोडलं होतं. तेव्हा बाईंनीच त्याला भारकक्षात रबरी पट्टे ओढायच्या सक्तीच्या व्यायामातून सूट दिली होती आणि मनगट जुळल्यावरही ती सूट तशीच चालू राहिली होती. पोरगा हातापायांनी काटकुळा झाला होता, पण तोंडाने तसाच बोलघेवडा.

तो पलंगावर आडवा झाला. खोक म्हटल्यावर खोकला. पुन्हा खोकला. पडद्यावरच्या घड्या जागच्या हलल्या नाहीत. बाईंनी डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, उभं करून पाहिलं. कुठेही फट नव्हती.

"निर्दोष," त्या म्हणाल्या. "तू जा."

प्रफुल उठला नाही. "मॅडम, एक विचारू जी? मी थांबतो भावासोबत. आलो दोघं संगं, जाऊ दोघं संगं. ऑपरेशनच्या वेळी त्याच्याजवळ कोणी पायजे का नाई?"

"त्याच्याजवळ मी आहे."

"तुमी डाक्टर. मी भाऊ."

बाई त्याच्याजवळ स्टुलावर बसल्या. पुढे कितीतरी वेळा त्यांना तो स्टूल आठवला, त्याची थंड कड आठवली आणि आपण किती शहाणपणाने बोललो तेही आठवलं. "हे बघ प्रफुल, तिकडे तुझ्या आईची आठवण रोज थोडी थोडी गळते आहे. अंकुशला मी अडवलं, त्याला इलाज नाही. तुला अडवायला काही कारणच नाही. दोघांपैकी एक तरी मुलगा तिच्याजवळ असू दे. भावाचंही मन निवेल त्याने."

प्रफुल विचारात पडला. "भाऊ बी असंच म्हनत होता," तो म्हणाला. "पन मले वाटलं, तुमी म्हनाल थांब, तं थांबतो."

"मी म्हणते जा."

तो गेला. यान निघालं त्या दिवशी अंकुश नुकताच शस्त्रक्रियेतून उठला होता. खिडकीशी टेकून त्याने हात हलवला. जाळी छान बसली होती, जखम स्वच्छ होती, आणि मालविकाबाईंच्या मनात एका नीट पार पडलेल्या कामाचं समाधान होतं.

यान उतरलं ते समुद्रात. खवळलेल्या पाण्यामुळे जहाजाला त्याच्यापर्यंत पोचायला उशीर झाला, पण सगळे सुखरूप बाहेर निघाले. तीन वर्षांनी पृथ्वीचं वजन अंगावर आलेली माणसं उलट्या करतात, त्यांच्या पोटात कळा येतात, त्यांना उभं राहवत नाही. हे नेहमीचंच. प्रफुललाही उलट्या झाल्या. जहाजावरच्या डॉक्टरने त्याचे कागद पाहिले. जांघ निर्दोष, असं त्यावर डॉ. सबनीस यांच्या सहीने लिहिलेलं होतं. त्याने उलट्यांचं औषध दिलं आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. किनाऱ्यावर पोचेपर्यंत प्रफुलचं पोट फुगून दगडासारखं झालं होतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्याने प्राण सोडला.

ही बातमी घेऊन डॉ. जेरोम डिसा दृक्‌संवादाच्या पडद्यावर आले. वसईचे जेरोम आणि मालविकाबाई एकाच वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. परतलेल्या चांद्रकामगारांवर जेरोमच उपचार करत, आणि प्रफुलचं पोट त्यांनीच उघडलं होतं.

"उजव्या जांघेत आतडं अडकलेलं होतं," ते म्हणाले. "हातभर आतडं काळं पडलं होतं. आणि मालविका, ती वाट लहान नव्हती. माझी दोन बोटं जात होती. तुझ्या यंत्राला ती दिसली कशी नाही?"

शब्द पृथ्वीवरून यायला आणि उत्तर परत जायला मध्ये अडीच सेकंद जातात. बाईंनी त्याहून कितीतरी जास्त वेळ घेतला.

"मला बघू दे," त्या म्हणाल्या.

प्रत्येक तपासणीचं चलतचित्र यंत्रात साठवलेलं असे. त्यांनी प्रफुलचं चित्र लावलं. वाट होती त्या जागी थर सरळ, शांत. एकदा पाहिलं, दहादा पाहिलं. शेवटी काही सुचेना म्हणून शेजारी अंकुशचं चित्र लावलं. दोन्ही भावांचे खोकले एकाच क्षणी सुरू होतील असे जुळवले आणि दोन्ही चित्रं बरोबर चालवली.

अंकुश खोकला तेव्हा पडद्यावरचा प्रत्येक थर वाऱ्याने फडफडणाऱ्या कापडासारखा हलला. प्रफुल खोकला तेव्हा काहीच हललं नाही. फट नव्हती हे खरंच, पण भिंतही हलली नव्हती. तो खोकलाच नव्हता म्हटलं तरी चाललं असतं.

त्यांनी त्याच दिवशी जेरोमना परत बोलावलं.

"यंत्र बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. आपण ती वाट शोधतो कशी? रुग्णाला खोकायला लावतो. खोकल्याने पोटात दाब वाढतो, दाबाने वाट उघडते, उघडली तर पडद्यावर दिसते. म्हणजे वाट उघडायला लागणारा जोर आपण रुग्णाकडूनच घेतो. पृथ्वीवर ते चालून जातं, कारण उभ्या माणसाच्या आतड्यांचा भार मदतीला असतोच. इथे तो भार नाही. इथे फक्त खोकला."

"आणि खोकायला पोटात स्नायूच उरले नसतील तर?"

"तर पडदा स्वच्छ."

जेरोमनी प्रफुलचे कागद पुन्हा समोर ओढले.

"आधीच्या तुकड्यांत हे का नाही झालं?" त्यांनी विचारलं.

"त्या वर्षभराने परत जात. वर्षात स्नायू इतके झिजत नाहीत. ही पहिली तीन वर्षांची तुकडी. मी या वेळी ज्यांना अडवलं त्यांची नावं पुन्हा पाहिली, जेरोम. सगळे नळजोडणीवरचे, अंगाने दणकट. त्यांच्या वाटा लहान होत्या आणि भोवतीचे स्नायू भक्कम. ते कदाचित सुखरूप उतरले असते. आणि ज्यांना मी निर्दोष म्हणून पाठवलं..."

"ते खुर्चीत बसणारे."

"हो. जितका दुबळा, तितका निर्दोष. बाकीच्या सगळ्यांना आताच्या आता पुन्हा तपास. उभं करून, हाताने तपास."

जेरोमनी तपासलं. त्या यानातून उतरलेल्यांपैकी आणखी दोघांच्या जांघेत वाटा सापडल्या आणि दोघंही वेळेवरच्या शस्त्रक्रियेने वाचले. मालविकाबाईंनी आपली चूक जशीच्या तशी लिहून सगळ्या वसाहतींना कळवली. परतीची उड्डाणं थांबली. कोणीतरी त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करणारा निरोपही पाठवला. तो त्यांनी पुरता वाचला नाही.

अंकुशला भाऊ गेल्याचं ठाऊक होतं. का गेला ते ठाऊक नव्हतं. त्याला ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून बाई स्वतः त्याच्या खोलीवर गेल्या. तो पलंगाच्या कडेला बसलेला होता. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. व्यायामातली सूट आपणच दिली होती, तेही सांगितलं.

तो ऐकत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे माह्या अंगात जोर होता म्हनून मी राहिलो. अन त्याच्या अंगात नव्हता म्हनून तो गेला."

"हो."

"तो थांबतो म्हनत होता."

"हो. मी त्याला जा म्हटलं."

"मी बी म्हटलं," अंकुश म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. बाई थोडा वेळ तिथे उभ्या राहिल्या. त्याने जा म्हटलं नाही आणि बस म्हटलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस तो समोरून आला तरी मान वळवून जात असे.

इकडे बाईंसमोर दुसराच प्रश्न होता. हिमकुंडात अजून शंभरावर माणसं होती आणि त्यांच्यातला कोण खरा निर्दोष हे सांगायला आता काहीच साधन नव्हतं. पृथ्वीइतकं वजन पैदा करणारं भोवरयंत्र चंद्रावर आणायला कित्येक वर्षं लागणार होती. बाहेरून पोट दाबून उपयोग नव्हता. जोर आतूनच यायला हवा. जेरोमशी बोलता बोलता एकच मार्ग उरला. माणसांना आधी बळ द्यायचं, इतकं की खोकल्याने भिंत हलली पाहिजे. त्यानंतर तपासायचं. वाट दिसली तर जाळी लावायची. भिंत हलूनही दिसली नाही, तरच निर्दोष म्हणायचं.

भारकक्षात रबरी पट्ट्यांशी रोज झटापट करायला कोणी राजी नव्हतं. दमलेल्या माणसांना ती शिक्षा वाटायची. पहिल्या आठवड्यात पाच-सहाजण आले, दुसऱ्या आठवड्यात दोघेच. बाई त्या दोघांना समजावत असताना दार उघडलं आणि अंकुश आत आला.

"तुमच्यासाठी नाई आलो मी," तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "चालककक्षातले पोट्टे माह्या भावासंगं बसत होते. त्यायले घेऊन येतो."

त्याने त्यांना आणलं. दंडाला धरून आणलं, शिव्या घालून आणलं. एकाला तर त्याने खुर्चीसकट उचलून आणलं. तो स्वतः सर्वांच्या पुढे पट्ट्यात उभा राहायचा आणि ओरडायचा, "खोक! मेल्यासारखा काय खोकतं, बाप्पा? पोटातून खोक!" हळूहळू ध्वनिदर्शकाखाली थर हलायला लागले. आणि मग वाटा दिसायला लागल्या. ज्यांना बाईंनी पूर्वी निर्दोष म्हटलं होतं त्यांच्यातल्या एकेकाच्या जांघेत काळ्या फटी उघडू लागल्या. फट दिसली की तो माणूस पलंगावरूनच आनंदाने ओरडायचा, कारण आता ती बुजवता येणार होती. बाई मात्र प्रत्येक वेळी मनात म्हणत, हा त्या यानात असता तर.

पुढचं यान निघायची वेळ आली तेव्हा अंकुशची जागा ठरलेली होती. तो तपासणीच्या खोलीत निरोप घ्यायला आला.

"तुमी येता ना जी?" त्याने विचारलं. "बरोबर जाऊ म्हटलं होतं तुमी."

"या वेळी नाही," बाई म्हणाल्या. "माझी तपासणी व्हायची आहे."

अंकुशने त्यांच्याकडे नीट पाहिलं. बासष्ट वर्षांची, नऊ वर्षं चंद्रावर काढलेली बाई. डॉक्टरला कुठली सवड, म्हणत व्यायाम टाळत आलेली. मनगटं पेन्सिलीसारखी. जाताना तो खाली वाकला आणि त्यांच्या पायांना हात लावून गेला. त्यांना ते फार जड गेलं.

यान सुखरूप उतरलं. त्यातल्या एकालाही काही झालं नाही. बऱ्याच दिवसांनी अंकुशचा चेहरा दृक्‌संवादाच्या पडद्यावर आला. मागे अंगण होतं, बाजेवर कोणीतरी म्हातारं माणूस पांघरूण घेऊन बसलेलं होतं.

"ओळखलं का आईनं?" बाईंनी विचारलं.

"ओळखलं जी," तो म्हणाला. "प्रफुल म्हनते मले. दिवसभर म्हनते, प्रफुल आला, प्रफुल जेवला. अंकुश कवा येते म्हनून विचारते."

"मग तू काय सांगतोस?"

"सांगतो, येईल आता. डाक्टरीनबाईनं थांबवून ठेवलं हाय त्याले." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "पहिले पहिले मी सांगत होतो का मी अंकुश हाय. मंग सोडलं. कोनी तं आला पायजे ना तिच्यासाठी."

तिकडे बाजेवरची म्हातारी काहीतरी पुटपुटली, अंकुश "हो वं माय" म्हणून वळला आणि पुन्हा पडद्याकडे आला.

"तुमचं काय मॅडम? करता ना तपासनी?"

"दर आठवड्याला करते. रोज तासभर पट्ट्यातही उभी राहते. पोरं ओरडतात माझ्यावर, तुझ्यासारखी."

"मंग? दिसली का फट?"

त्यांनी शेजारच्या यंत्राकडे पाहिलं. सकाळचंच चित्र अजून तिथे होतं. घड्या सरळ, एकही थर हललेला नाही. जन्मात त्यांनी इतकं निर्मळ चित्र पाहिलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "काहीच दिसत नाही."

दुसऱ्या कोणी हे ऐकून बरं झालं म्हटलं असतं. पलीकडे अडीच सेकंद गेले, मग आणखी थोडे गेले. अंकुशने मान खाली घातली.

"खोकत राहा जी," तो म्हणाला.